वाल्डेमार हाफकिन

मुंबईच्या परळ भागात एक जुनी, प्रशस्त वास्तू उभी आहे. एके काळी तेथे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहत असत. मेजवान्या आणि दरबार पाहिलेल्या त्या दालनांत १८९९ साली काचेची नळकांडी, भट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्रे आली. राजवाड्याची प्रयोगशाळा झाली. आज त्या वास्तूला हाफकिन संस्था म्हणतात. हे नाव ना कोणा राजाचे, ना सेनापतीचे. मातृभूमीला पारखा झालेला एक ज्यू शास्त्रज्ञ या देशात आला, येथील लोकांचे प्राण वाचविण्यासाठी त्याने स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले, आणि दुसऱ्याच्या हातून घडलेल्या चुकीसाठी त्याने अनेक वर्षे कलंक सोसला. त्याचेच हे नाव होय.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी झाला. त्यांचे वडील ज्यू व्यापारी होते. जेथे हाफकिन वाढले तो दक्षिणेकडील प्रदेश त्या वेळी रशियन साम्राज्यात मोडत असे. आज तो युक्रेन देशात आहे. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. इल्या मेचनिकॉव्ह हे थोर शास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांचे जग गुरूंनी त्यांना उघडून दाखविले आणि त्या जगाचा शोध घेणे हेच शिष्याने आपले जीवनकार्य मानले.

परंतु त्या काळी रशियात ज्यू लोकांचा फार छळ होत असे. दंगे उसळत, घरे लुटली जात. तरुण हाफकिन स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी ते पुढे सरसावले आणि त्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला. गुरूंनी खटपट करून त्यांची सुटका करविली. पुढे स्वधर्म सोडल्यास मानाची जागा मिळेल, असे त्यांना सुचविण्यात आले. हाफकिन यांनी ते साफ नाकारले. जागा गेली, मायदेशही सुटला. १८८८ साली ते स्वित्झर्लंडला गेले आणि तेथून पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या जगप्रसिद्ध संस्थेत दाखल झाले. तेथे त्या वेळी एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. नेमून दिलेले काम आटोपले की उरलेला सगळा वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

त्या काळी पटकीच्या साथी जगभर थैमान घालीत होत्या. रोगाच्या जंतूंपासूनच रोगाला अडविणारी लस तयार करावी, या पाश्चरांच्या मार्गाने जाऊन हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली. तिने प्राण्यांचे रक्षण होते, हे दिसून आले. पण ती माणसाला चालेल काय? ती प्रथम कोणाला टोचावी? हाफकिन यांनी या प्रश्नाचा फार काळ विचार केला नाही. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. दोन-चार दिवसांत ते पूर्ववत झाले. इतरांवर जो प्रयोग करायचा तो आधी स्वतःवर, हा त्यांचा नियम तेव्हापासून कायमचा झाला.

१८९३ साली हाफकिन कलकत्त्यास आले. हा परका माणूस सुई घेऊन अंगात काय घालतो, अशी शंका लोकांना येई. एकदा तर लोकांनी त्यांच्या पथकावर दगडही फेकले. तेव्हा हाफकिन आणि त्यांचे भारतीय सहकारी डॉक्टर लोकांसमोर उभे राहत आणि प्रथम स्वतःस टोचून घेत. हळूहळू लोकांचा विश्वास बसू लागला. पुढील सुमारे अडीच वर्षांत हाफकिन देशभर हिंडले आणि चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी लस टोचली. या श्रमांनी आणि हिवतापाने त्यांची प्रकृती पार ढासळली. विश्रांतीसाठी ते युरोपात गेले. परंतु फार काळ तेथे राहिले नाहीत. १८९६ साली ते परत आले. त्याच वर्षी मुंबईवर प्लेगचे महासंकट कोसळले.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात काही रोगी दगावले. डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. आपले लोक या रोगाला गाठीचा ताप अथवा ग्रंथिक सन्निपात म्हणत. जांघेत किंवा काखेत गाठ येई, ताप चढे आणि धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत नाहीसा होई. शहराच्या तोंडचे पाणी पळाले. गिरण्या ओस पडू लागल्या. लोक मिळेल त्या गाडीने, बैलगाडीने, पायी गावाकडे निघाले. आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. पुण्यात १८९७ साली प्लेग पसरला. घरोघर झडत्या घेण्यासाठी सरकारने गोऱ्या सोल्जरांना पाठविले आणि जनतेत संताप उसळला. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

प्लेग कसा पसरतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. घाणीतून आणि गटारांतून विषारी हवा उठते व ती रोग आणते, असा समज होता. म्हणून नगरपालिकेने जंतुनाशक द्रव्यांचा अक्षरशः पाऊस पाडला. आगीच्या बंबांनी पाणी मारावे तसे कार्बोलिक ॲसिड मिसळलेले पाणी घरांवर आणि गटारांत सोडण्यात आले. भिंतींना चुना फासला, चीजवस्तू जाळल्या, खोल्याखोल्यांतून कार्बोलिकचा उग्र दर्प भरून राहिला. तरीही प्लेग हटेना. हटणार कसा? प्लेगने मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू माणसाला चावते आणि रोग देते, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवून दिली. तोपर्यंत सर्व चालले होते ते साप सोडून भुई धोपटण्यासारखे.

हे कार्बोलिक ॲसिड म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. कारण हाफकिन यांच्या आयुष्यात या द्रव्याला फार मोठे स्थान आहे. दगडी कोळशाच्या डांबरापासून हे द्रव्य मिळते. जोसेफ लिस्टर या इंग्रज शस्त्रवैद्याने १८६५ साली ग्लासगो येथे त्याचा उपयोग जखमांसाठी केला. त्यापूर्वी रुग्णालयांत जखमा सडत आणि शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ रोगी दगावत. कार्बोलिकने जखमेतील जंतू मरू लागले आणि रोगी वाचू लागले. सारे जग लिस्टरचे गुण गाऊ लागले. रुग्णालयांत हातांना कार्बोलिक, हत्यारांना कार्बोलिक, एवढेच नव्हे, तर हवेतही कार्बोलिकचे तुषार, असा प्रकार सुरू झाला.

परंतु जे द्रव्य जंतूला मारते ते माणसाच्या शरीरालाही ओळखीचा सोयरा म्हणून सोडीत नाही. तीव्र कार्बोलिक कातडीवर पडले तर कातडी पांढरी पडून बधिर होते. त्यामुळे भाजल्याचे प्रथम कळतसुद्धा नाही. कातडीतून ते शरीरात भिनले, तर मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा पोहोचविते. शस्त्रक्रिया करणारांचे हात फुटत, त्यांना चिरा पडत. तुषारांनी घसा आणि छाती जळजळे. स्वतः लिस्टर यांनीच १८९० साली हवेत तुषार सोडण्याची पद्धत निरुपयोगी ठरवून सोडून दिली. त्याच सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, कॅरोलाइन हॅम्पटन नावाच्या परिचारिका काम करीत होत्या. तेथे जंतुनाशक म्हणून पाऱ्याचा एक विषारी क्षार वापरीत. त्याने त्यांचे हात इतके सोलवटले, की काम सोडण्याची पाळी आली. तेव्हा विल्यम हॉलस्टेड या शस्त्रवैद्याने त्यांच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. आज जगातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात दिसणारे हातमोजे असे आधी काम करणाराचे हात राखण्यासाठी आले. रोग्यालाही त्यांनी रक्षण मिळते, हे नंतर उमगले. अति तेथे माती, ही म्हण औषधालाही लागू पडते ती अशी.

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक लहानशी खोली आणि व्हरांडा त्यांना मिळाला. हाताखाली होते एक कारकून आणि तीन शिपाई. प्रयोगशाळेचे शिक्षण कोणासही नव्हते. काम तर जिवावरचे होते. प्लेगचे जिवंत जंतू वाढवावयाचे, म्हणजे बाटलीत काळ बाळगण्यासारखेच. एक मदतनीस या ताणाने खचला, दोघे काम सोडून गेले. हाफकिन दिवसरात्र राबत राहिले.

त्यांची लस करण्याची रीत मोठी मजेदार होती. गोमांसाला हिंदूंचा आणि डुकराच्या मांसाला मुसलमानांचा विरोध. म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा अर्क घेतला. त्या पातळ रसावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवले. या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वाढत आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे लोंबते खांब दिसतात तसे ते रसात लोंबू लागत. पुरेशी वाढ झाली, की बाटली सुमारे पासष्ट अंश सेल्सिअस उष्णतेत तासभर ठेवून सर्व जंतू मारीत. त्यानंतर लसीत कार्बोलिक ॲसिड घालीत, पण किती? शंभर भागांत अर्धा भाग! लस नासू नये आणि टोचून घेणारास अपायही होऊ नये, असे ते माप होते. ज्या शहरात कार्बोलिक बंबांनी ओतले जात होते, त्याच शहरात एका खोलीत एक माणूस ते थेंबाथेंबाने मोजीत होता.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःस टोचून घेतली; आणि तीही पुढे इतरांना दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट अधिक. अंगात ताप फणफणला, टोचलेल्या जागी तीव्र वेदना झाल्या. तशा स्थितीतही ते आपले काम करीत राहिले. ते बरे झाल्यावर नामांकित लोक धीर करून पुढे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन तेथे गेले आणि ज्या कैद्यांनी आपखुशीने संमती दिली त्यांनाच लस टोचली. एकाच छपराखाली राहणारे, एकच अन्न खाणारे हे कैदी. परंतु त्यानंतरच्या दिवसांत लस घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले.

यानंतर लसीला मागणी येऊ लागली. तरुण आगाखान यांनी लोकांची भीती घालविण्यासाठी स्वतः चारचौघांत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली एक वास्तूही दिली. ती जागाही अपुरी पडू लागली, तेव्हा सरकारने परळचा जुना राजवाडा दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. ज्याला स्वदेशात साधी जागा मिळाली नाही, तो परदेशात एका मोठ्या संस्थेचा धनी झाला.

परंतु यशाच्या पाठोपाठ दैवाने कठोर परीक्षा मांडून ठेवली होती. १९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. तेथील सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागितली. जुन्या रीतीने एवढी लस इतक्या लवकर होणे शक्य नव्हते. म्हणून हाफकिन यांनी लस करण्याची पद्धत बदलली. ही नवी पद्धत अधिक जलद होती. तीत जंतू उष्णतेने मारीत. कार्बोलिक मात्र घालीत नसत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही रीत आधीपासून वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावात टोचणीचे काम झाले. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ लोकांना लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. जबडे आवळले गेले, अंगे धनुष्यासारखी वाकली, आणि एकामागून एक ते सर्व १९ जण मरण पावले. प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने हात पुढे करणारी ही गरीब माणसे. त्यांच्या घरांत जो आकांत झाला असेल, त्याची कल्पनाही करवत नाही. या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. उरलेल्या चार बाटल्यांतून ज्यांनी लस घेतली, त्यांना काहीही झाले नाही.

सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष होते. बाटली मुलकोवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, ती दूषित झाली असावी, असा निष्कर्ष मंडळाने काढला. कार्बोलिक का वगळले, हा ठपकाही आला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते भारत सोडून इंग्लंडला गेले. जे लोक त्यांच्या नावाचा जयजयकार करीत होते, त्यांच्यापैकी पुष्कळांनी तोंड फिरविले. हाफकिन यांचे दुःख आपले पद गेले एवढ्यापुरते नव्हते. लसीवरचा लोकांचा विश्वास उडाला तर हजारो माणसे नाहक मरतील, ही चिंता त्यांना जाळीत होती.

खरे काय घडले होते? चौकशीत पुढे आलेल्या साक्षींतच त्याचे उत्तर दडलेले होते. मुलकोवालला बाटलीचे बूच काढताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो यथाविधी निर्जंतुक न करताच त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले. ती होती गावातील माती. माणसे आणि गुरेढोरे वावरतात तेथील. अशा मातीत धनुर्वाताचे जंतू हमखास असतात.

येथे कोणास वाटेल, की चिमटा कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुचकळला असता म्हणजे झाले असते. परंतु धनुर्वाताचे जंतू सामान्य जंतूंसारखे नसतात. प्रतिकूल स्थितीत ते आपल्याभोवती टणक कवच करून राहतात. वर्षानुवर्षे कोरड्या मातीत पडून राहणाऱ्या चिवट बियांसारखी ही त्यांची स्थिती असते. शंभर भागांत पाच भाग कार्बोलिक असलेल्या द्रवात हे कवचधारी जंतू दहा तास ठेवले तरी जिवंत राहतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. मग क्षणभराच्या बुडीने काय होणार? आणि लसीत जे अर्धा भाग कार्बोलिक पूर्वी घालीत, त्याने तरी ते कसे मेले असते? चिमटा ज्योतीवर नीट तापविणे, हाच तेथे खरा उपाय होता. बाटलीला आणि हत्याराला कार्बोलिकचा वास आला म्हणजे ती शुद्ध झाली, ही समजूतच घातक होती.

जाणत्या शास्त्रज्ञांना हे पटकन उमगले. प्रयोगशाळेतच जर धनुर्वाताचे जंतू शिरले असते, तर ते बाटलीत कित्येक दिवस वाढले असते आणि लसीला घाणेरडा वास आला असता; परंतु बाटली उघडताना तसा वास कोणासही आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुराव्याची छाननी केली. हाफकिन यांचे स्नेही डॉक्टर सिम्पसन झटू लागले. डासांपासून हिवताप होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस तर या अन्यायाने अगदी पेटून उठले. त्यांनी वृत्तपत्रांतून आणि शास्त्रीय नियतकालिकांतून लेख लिहिले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञ यांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे, हे आता सर्वांस दिसू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांच्यावरील ठपका दूर केला आणि त्यांना पुन्हा भारतात काम देऊ केले.

हाफकिन परत आले. परळच्या ज्या प्रयोगशाळेला त्यांनी आकार दिला होता, तेथील पद मात्र त्यांना मिळाले नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली आणि पूर्वीचे अधिकारही उरले नाहीत. तरीही त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केले. नंतर ते युरोपात राहिले. त्यांनी लग्न केले नव्हते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी एकाकी, धर्मचिंतनात आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला साह्य करण्यात घालविली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ पासून तोवर प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा मुंबईहून निरनिराळ्या ठिकाणी गेल्या होत्या. त्या मात्रांनी किती घरांतील चुली पेटत्या ठेवल्या, याची गणती कोण करणार?

मुलकोवालची ती १९ माणसे मात्र परत आली नाहीत. त्यांच्या मरणाने जगाला एक धडा शिकविला. जंतुनाशक द्रव्य हे देव नव्हे आणि शत्रूही नव्हे. ते एक धारदार हत्यार आहे. कोणत्या जंतूसाठी कोणते द्रव्य, किती तीव्र आणि किती वेळ, हे ठाऊक असल्यावाचून ते वापरणे म्हणजे अंधारात तलवार फिरविणे होय. ते कमी पडले तर जंतू वाचतात आणि आपण शुद्ध झालो, असा खोटा भरवसा मात्र वाढतो. ते अधिक झाले तर वापरणाराचे हात, डोळे आणि फुप्फुसे यांना त्याची किंमत मोजावी लागते.

आजच्या रुग्णालयांत कार्बोलिकची जागा बहुतांशी दुसऱ्या द्रव्यांनी घेतली आहे. फरशी पुसण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रव असतो; नाजूक हत्यारे ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवतात. ही द्रव्येही तशीच दुधारी आहेत. क्लोरीनयुक्त द्रवात शौचालय धुण्याचे आम्ल मिसळले, तर क्षणात विषारी वायू उठतो आणि माणूस गुदमरतो. ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने डोळे चुरचुरतात, दमा जडू शकतो. म्हणून हातमोजे घालावयाचे, खोलीत वारा खेळता ठेवावयाचा, बाटलीवरील चिठ्ठी वाचल्यावाचून बूच काढावयाचे नाही, पाणी व द्रव मापानेच घ्यावयाचे आणि एका बाटलीतील द्रव दुसरीत कधीच ओतावयाचा नाही, असे नियम केलेले असतात. हे नियम पाळणारी परिचारिका किंवा सफाईचे काम करणारा कामगार यांचे नाव कोणत्याही वास्तूवर कोरले जात नाही. परंतु रोग्याचे आणि स्वतःचे प्राण त्यांच्या त्या सावधपणावर टिकून असतात.

हाफकिन यांचे सारे जीवन अशा सावधपणाचे आणि धैर्याचे होते. ज्या लसीची जोखीम असेल ती त्यांनी आधी आपल्या अंगावर घेतली. जो थेंब घालावयाचा तो मोजून घातला. आणि दुसऱ्याच्या एका क्षणाच्या निष्काळजीपणाचे ओझे वर्षानुवर्षे वाहूनही माणसांची सेवा सोडली नाही.